मठातून माघारी

हनुवटी हातावर टेकून विचारात बुडालेल्या पुरुषाचा पुतळा आपण चित्रांत पाहिला असेल. तो घडविणारा फ्रेंच शिल्पकार ऑग्यूस्त रोदँ तरुणपणी मठवासी होण्यास निघाला होता, हे आपणांस ठाऊक आहे काय?

रोदँचा जन्म १२ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिस येथे झाला. वडील पोलीस खात्यात कारकून होते. दृष्टी अधू असल्याने मुलगा अभ्यासात मागे पडे. चित्रे काढण्यात मात्र रमे. चौदाव्या वर्षी तो कलेच्या एका विनामूल्य शाळेत दाखल झाला आणि तेथे त्याला मातीकामाची गोडी लागली. पुढे मोठ्या कलाविद्यालयाने त्याला तीन वेळा प्रवेश नाकारला. पोटासाठी तो नक्षीकाम करू लागला.

१८६२ साली त्याची थोरली बहीण मारिया मठात धर्मभगिनी होण्याची तयारी करीत असतानाच आजारी पडून वारली. दुःखाने खचलेल्या रोदँने कला सोडून पवित्र साक्रामेंताच्या व्रतस्थ संघात प्रवेश केला. फादर पीटर ज्यूलियन एमार्ड यांनी १८५६ साली स्थापिलेल्या या नव्या संघाला होतकरू तरुण हवेच होते. परंतु फादरांनी या तरुणाचे दुःख व त्याचे पाचारण यांतील भेद ओळखला. त्यांनी त्याला शिल्पकामाची मोकळीक दिली. १८६३ साली त्याने फादरांचाच अर्धपुतळा घडविला. मग त्यांनी त्याला कलेकडे परत जाण्यास सांगितले. हेच फादर १९६२ साली संतपदी आरूढ झाले.

बाहेर आल्यावर वाट सुकर झाली नाही. थंडीने गोठून त्याच्या मातीच्या एका मस्तकाचा मागील भाग निखळला. उरलेला, नाक मोडलेल्या माणसाचा मुखवटा अधिकृत प्रदर्शनाने नाकारला. त्याची संगमरवरी प्रतिकृती १८७५ साली स्वीकारली गेली. १८७७ साली त्याने मांडलेला तरुणाचा पुतळा इतका हुबेहूब होता की, तो जिवंत देहावरून साचा काढून बनविल्याचा आरोप झाला. तेव्हा त्याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पुतळा मनुष्याहून मोठ्या आकाराचा घडवून आपल्या हातांचे सामर्थ्य सिद्ध केले. १८८० साली सरकारने तोच आरोपित पुतळा विकत घेतला आणि एका भव्य द्वाराचे कामही रोदँला दिले. आरंभी उल्लेखिलेला विचारमग्न पुरुष त्याच द्वारासाठी कल्पिलेला होता.

रोदँचे पुढील जीवन काही संताचे नव्हते. तरीही वाचकहो, आपल्या संघात एक माणूस वाढावा यापेक्षा त्या माणसाला त्याचे देवदत्त दान सापडावे, हे त्या धर्मगुरूंनी मोठे मानले. आपल्या मुलांच्या बाबतीत आपणही तसेच करतो काय?