परळचे रसायन आणि प्रा. गज्जर

लोअर परळच्या गिरण्यांची धुराडी विझून दशके लोटली. तेथे काचेचे मनोरे उभे राहिले आणि त्यांच्या सावलीतील शाळांत जीवशास्त्राचे विद्यार्थी अणू, इलेक्ट्रॉन व रासायनिक बंध यांच्या व्याख्या पाठ करीत आहेत. पेशीचा व्यवहार उमगण्यास बंध उमगले पाहिजेत, हे निर्विवाद. परंतु ते केवळ व्याख्येने उमगतात काय? परळशी ज्यांचे नाते जडले त्या प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचे चरित्र या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते.

गज्जरांचा जन्म 1863 मध्ये सुरतेस सुतार ज्ञातीत झाला. कारागिराचा हात आणि पंडिताची बुद्धी यांची फारकत त्यांनी कधी मानली नाही. बडोद्यास रसायनशास्त्राचे अध्यापन करीत असता सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्यांनी 1890 मध्ये कलाभवन उभारले. उद्योगाचे शास्त्र देशी भाषेतून शिकवावे, हा त्यामागील आग्रह होता. दादासाहेब फाळके याच संस्थेचे विद्यार्थी.

जर्मनीचे कृत्रिम रंग त्या काळी बाजारात येऊ लागले होते. गज्जरांनी रंगाऱ्यांना त्यांचे शास्त्र शिकविण्याचा उद्योग आरंभिला. वस्तुतः कापड रंगविणे हा बंधांचाच खेळ आहे. सूत म्हणजे सेल्युलोज. काही रंग त्यास हायड्रोजन बंधासारख्या दुबळ्या आकर्षणांनी धरून राहतात व धुण्यात उतरतात. मंजिष्ठेचा रंग मात्र तुरटीतील ॲल्युमिनियमच्या मध्यस्थीने पक्का बसतो. तेच दुबळे हायड्रोजन बंध डीएनएचे दोन धागे एकत्र ठेवतात आणि दुबळे असल्यामुळेच ते वेळेवर सुटू शकतात. सुताचा हा धडा पेशीपर्यंत पोहोचतो तो असा.

1896 मध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास चापेकर बंधूंनी डांबर फासले. तो डाग काढण्याचे काम पुढे गज्जरांनी तडीस नेले. डांबर पाण्यास दाद देत नाही, कारण कर्ब व हायड्रोजन यांच्या त्याच्या रेणूंचे पाण्याशी सख्य नाही. तीव्र आम्ल योजावे तर संगमरवर, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट, विरघळू लागतो. डाग जावा आणि दगड राहावा, यासाठी कोणता पदार्थ कशाशी संयोग पावेल याची पक्की जाण हवी. विल्सन महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या व मुंबईत टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी चालविणाऱ्या गज्जरांपाशी ती होती.

1903 मध्ये त्यांच्या प्रेरणेने परळ येथे औषधी रसायनांचा एक लहानसा कारखाना निघाला. 1907 मध्ये कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्यासह त्यांनी बडोद्यास अलेम्बिकचा पाया घातला. 1920 मध्ये त्यांचे निधन झाले.

ध्यानी घेण्याजोगे हे की, इलेक्ट्रॉनचा शोध 1897 चा आणि दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात हा लुईसचा सिद्धान्त 1916 चा. बंधाची आजची व्याख्या हाती नसताना गज्जरांनी आयुष्यभर बंध जोडले व तोडले. आपल्या विद्यार्थ्यापाशी व्याख्या आहे, अनुभव नाही. तुरटी, मंजिष्ठा आणि सुती चिंधी यांना फारसा खर्च लागत नाही. ज्या परिसराची पोटे पिढ्यान् पिढ्या कापडावर भरली, तेथील शाळांनी तरी रसायनशास्त्राचा पहिला तास फळ्याऐवजी रंगाच्या भांड्यापाशी घ्यावयास हरकत नाही.