हिऱ्याने जे विकत घेता आले नाही



गेल्या महिन्यात आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी फिरत असताना मी आपल्या धर्मग्रामातील एका घरी गेलो. त्या घरातील बाई कॅन्सरवर उपचार घेत आहेत. नाव सांगत नाही, पण ही गोष्ट लिहायला त्यांनी मला परवानगी दिली आहे. केमोचे दोन डोस झाले होते. तिसऱ्याची तारीख येऊन गेली, पण त्या परळला गेल्याच नाहीत. कारण विचारले तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. केस सगळे गेले होते. तोंड आले होते, पाण्याचा घोटही झोंबत होता. आजार दुखत नव्हता, औषधच दुखते आहे, मग ते घ्यायचे कशाला, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. माणसाला दुःख का, या प्रश्नावर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली. पण त्या दिवशी त्या बाईंसमोर मला एकही वाक्य सुचले नाही. प्रार्थना केली आणि परत आलो. नंतर मला एका स्त्रीची आठवण झाली. तिच्या नावावर जगातील मोठ्यात मोठ्या हिऱ्यांपैकी एक हिरा होता, पण आपल्या या बहिणीला जे औषध नकोसे झाले आहे, ते तिला मिळाले नाही. त्या वेळी ते कुठेच नव्हते. येत्या ११ फेब्रुवारीला जागतिक रुग्ण दिन आहे. त्या निमित्ताने तिची हकिकत सांगतो.

तिचे नाव मेहरबाई. जन्म १० ऑक्टोबर १८७९, मुंबईतील पारशी भाभा कुटुंबात. वडील होरमसजी भाभा हे शिक्षणक्षेत्रातील मोठे अधिकारी. त्यांच्या नोकरीमुळे मेहरबाईंचे बालपण बंगळूर आणि म्हैसूर येथे गेले. उद्योगपती जमशेटजी टाटा हे होरमसजींचे मित्र. त्यांच्या थोरल्या मुलाशी, म्हणजे दोराबजींशी, मेहरबाईंचे लग्न १४ फेब्रुवारी १८९८ रोजी झाले. त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि दोराबजी अडतीस वर्षांचे. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसमध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम या धातूचा शोध जाहीर केला. त्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध येईल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल.

मेहरबाई घरात बसून राहणाऱ्या नव्हत्या. त्या उत्तम टेनिस खेळत आणि तेही पारशी पद्धतीची साडी नेसून. साठाहून अधिक बक्षिसे त्यांनी मिळवली. पण त्यांचा खरा ओढा समाजकार्याकडे होता. मुलींचे शिक्षण आणि स्त्रियांचा मताधिकार यांसाठी त्यांनी काम केले, बालविवाहाविरुद्ध आवाज उठवला. बालविवाह रोखणारा शारदा कायदा १९२९ मध्ये झाला. त्यासाठी लोकमत तयार करणाऱ्यांत त्या होत्या. १९२७ मध्ये त्या थेट अमेरिकेत, मिशिगन राज्यात, या विषयावर बोलून आल्या होत्या.

आता त्या हिऱ्याविषयी. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत १८९५ साली एक प्रचंड हिरा सापडला. पैलू पाडल्यावर त्याचे वजन २४५ कॅरट भरले, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून अधिक. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवावरून त्याचे नाव ज्युबिली पडले. दोराबजींनी तो आपल्या पत्नीसाठी विकत घेतला. मेहरबाई तो खास प्रसंगीच घालत.

१९२४ साली या हिऱ्याची एकदा परीक्षा झाली. जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना संकटात होता. कामगारांचे पगार द्यायलाही पैसे नव्हते. दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता बँकेकडे गहाण ठेवून सुमारे एक कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. त्या मालमत्तेत मेहरबाईंचे दागिने आणि तो हिराही होता. कारखाना वाचला आणि हजारो घरांतल्या चुली पेटत राहिल्या.

मग आजार आला. मेहरबाईंना ल्युकेमिया झाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. त्या काळी या रोगावर डॉक्टरांकडे फार थोडे उपाय होते. प्लीहेवर क्ष-किरण द्यायचे, सोमलाचे औषध द्यायचे. त्याने काही काळ सूज उतरे, थोडे बरे वाटे, पण रोग परत येई. टाटांच्या घरात पैशाची कमतरता नव्हती. युरोपातील कोणताही डॉक्टर त्यांना उपलब्ध होता. तरी १८ जून १९३१ रोजी, ब्रिटनमधील नॉर्थ वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात, वयाच्या ५१ व्या वर्षी मेहरबाईंचे निधन झाले. लंडनजवळ ब्रुकवुड येथे त्यांना पुरण्यात आले.

या दांपत्याला मूलबाळ नव्हते. दोराबजी पार खचले. पण त्यांनी ते दुःख कुलूप लावून ठेवले नाही. १९३२ मध्ये त्यांनी पत्नीच्या नावाने एक निधी स्थापन केला. जगात कोठेही रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्यांना त्यातून मदत मिळावी, असा त्याचा हेतू होता. तो निधी आजही चालू आहे. आपली उरलेली जवळजवळ सगळी संपत्ती, त्या हिऱ्यासकट, त्यांनी एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. त्यानंतर ते युरोपला निघाले. पत्नीच्या कबरीचे दर्शन घ्यायचे मनात होते. पण वाटेतच, ३ जून १९३२ रोजी, जर्मनीत त्यांचे निधन झाले. आज दोघे ब्रुकवुडला शेजारी शेजारी विसावले आहेत.

पुढे तो हिरा विकला गेला. त्याचे पैसे विश्वस्त निधीत जमा झाले आणि त्याच निधीतून मुंबईत परळला एक हॉस्पिटल उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले, तेव्हा तिथे ८० खाटा होत्या. तेच आपले टाटा हॉस्पिटल. १९६२ मध्ये ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे गेले. त्या वेळी या खात्याचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा, म्हणजे मेहरबाईंच्या भावाचा मुलगा. क्युरी दांपत्याच्या शोधातून सुरू झालेले किरणांचे शास्त्र आणि मेहरबाईंच्या आठवणीतून उभे राहिलेले हॉस्पिटल असे एकाच घराच्या छपराखाली आले. हॉस्पिटलसमोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. ते गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातील शल्यचिकित्सक. १९६९ मध्ये ते वारले. त्यांनी आपले आयुष्य याच हॉस्पिटलातल्या रुग्णांना वाहिले. दादरला उतरून टॅक्सीवाल्याला तो पत्ता सांगताना आपण त्यांचेच नाव घेत असतो.

ल्युकेमियावर पहिले आशादायक औषध मिळाले ते मेहरबाईंच्या मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. सिडनी फार्बर यांनी सोळा आजारी मुलांना एक नवे औषध दिले. त्यांपैकी दहा मुलांना उतार पडला. तो काही महिनेच टिकला, पण रोग मागे हटू शकतो हे १९४८ मध्ये जगाला प्रथमच कळले. ते औषध तयार करणाऱ्या संशोधकांचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही रोज वापरले जाते. लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या ब्लड कॅन्सरवर दोन ते तीन वर्षांचा उपचार चांगल्या केंद्रात पूर्ण केला, तर आज बहुसंख्य मुले बरी होतात. २४५ कॅरटच्या हिऱ्याला जे विकत घेता आले नाही, ते आज खडवलीच्या वीटभट्टीवरील मजुराच्या मुलाला मिळू शकते, गरिबाला तर मोफत किंवा नाममात्र खर्चात. पण अर्धवट सोडले तर मिळत नाही.

आता आपल्या बहिणीच्या प्रश्नाकडे येतो. औषध का दुखते? कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात. केमो अशा भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. पण केसांची मुळे, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर, हाडांच्या मगजात तयार होणारे रक्त, हेही भराभर वाढणारेच असते. म्हणून केस जातात, तोंड येते, उलट्या-जुलाब होतात, रक्त कमी होते. याचा अर्थ औषध चुकले किंवा रोग वाढला असा नाही. निरोगी पेशी बहुतेक वेळा पुन्हा उभ्या राहतात. केसही उपचार संपल्यावर काही आठवड्यांत उगवू लागतात.

डॉक्टरांकडून समजून घेतलेल्या काही गोष्टी येथे देतो. आपल्या डॉक्टरांचा शब्द मात्र शेवटचा.

उलटीची गोळी उलटी झाल्यावर नव्हे, तर सांगितलेल्या वेळी आधीच घ्यावी. ताट भरून जेवण्याऐवजी दोन-दोन तासांनी थोडे थोडे खावे. तोंड आले असेल तर कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चूळ भरावी, मऊ ब्रश वापरावा. तिखट टाळून पेज, मऊ भात, वरण, नाचणीचे सत्त्व घ्यावे. पाणी उकळून प्यावे, अन्न ताजे शिजवलेले खावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तापाची. डोस झाल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी खूप कमी होतात आणि शरीराला जंतूंशी लढता येत नाही. अशा वेळी १०० पूर्णांक ४ किंवा त्याहून अधिक ताप आला, तर घरची गोळी घेऊन सकाळपर्यंत थांबू नये. रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठावे आणि केमो चालू आहे हे पहिल्यांदा सांगावे. घरात थर्मामीटर असायलाच हवा.

रेडिएशनचे, म्हणजे ज्याला आपण लाईट घेणे म्हणतो त्याचे, परिणाम ज्या भागाला किरण दिले जातात तिथे प्रामुख्याने होतात. कातडी लाल होते, काळवंडते, सोलते. त्यावर हळद, तेल, बाम असे काहीही स्वतःहून लावू नये. सैल सुती कपडे घालावेत. तंत्रज्ञांनी काढलेल्या खुणा पुसू नयेत. थकवा पुष्कळ येतो, त्याला आळस म्हणू नये. आणि एक गैरसमज काढून टाकू या. यंत्राने बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. आजी लाईट घेऊन आली म्हणून नातवाला तिच्यापासून दूर ठेवण्याचे कारण नाही.

झाडपाल्याचे औषध कोणी आणून दिले तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. काही औषधे केमोच्या कामात अडथळा आणतात. आणि त्रास लपवू नये. अनेकजण डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसतात आणि मग येणेच बंद करतात. त्रास सांगितला तर औषधाचे प्रमाण कमी करता येते, तारीख पुढे नेता येते, दुसरी गोळी देता येते. न सांगता घरी बसलेल्यासाठी डॉक्टर काहीच करू शकत नाहीत.

रुग्णाने एवढे सोसायचे, तर आपण काय करायचे? वाशिंदहून पहाटेची लोकल पकडून परळ गाठणे धडधाकट माणसालाही दमवते. उलट्या होत असताना एकट्याने ते कसे जमेल? लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. त्यासाठीची कागदपत्रे हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारावीत. जन आरोग्य योजनेची माहितीही तिथेच मिळते. आणि आपण भेटायला जाऊ तेव्हा अमक्याचे काय झाले याच्या भयकथा सांगू नयेत. घरात सर्दी-खोकला असेल तर भेट पुढे ढकलावी. डोक्यावरच्या पदराकडे टक लावून पाहू नये. एखादा डबा पोचवावा, मुलांना दोन तास सांभाळावे.

मोलवान मोत्यासाठी सर्वस्व विकणाऱ्या व्यापाऱ्याचा दाखला प्रभू येशूने दिला, तो आपण पुष्कळदा ऐकला आहे. दोराबजींनी हिरा दिला तो अनोळखी आजाऱ्यांसाठी. त्यांच्या पत्नीला त्याचा काहीच उपयोग झाला नाही, तो आपल्याला होतो आहे.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा त्या घरी गेलो आणि ही सारी हकिकत सांगितली. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मुलाला फाईल काढायला सांगितली. त्यांनी हॉस्पिटलात फोन करून नवी तारीख घेतली आहे. येत्या गुरुवारी पहाटे त्या निघतील. मुलाला कारखान्यात सुट्टी मिळत नाही, म्हणून सोबत कोणीतरी हवे आहे. ज्यांना जमेल त्यांनी आज मिस्सानंतर मला सॅक्रिस्टीत भेटावे.

तुमचा,
फादर