तांबेऱ्याचा शोध घेणारे करमचंद मेहता

गव्हाचे पीक ओंबीवर आले की शेतकऱ्याच्या मनात आशा पालवते. परंतु कधीकधी याच सुमारास पानांवर व खोडांवर तांबूस पुरळ उठतात. ते फुटून गंजासारखी भुकटी बाहेर पडते आणि दाणा भरण्याऐवजी सुरकुतून जातो. हाच तांबेरा. एका सूक्ष्म बुरशीपासून तो होतो. या रोगाचा पिच्छा पुरवण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. करमचंद मेहता.

मेहतांचा जन्म १८९२ साली अमृतसर येथे झाला. पुढे ते आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक झाले. उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले, तेव्हाही तेथील शेतांतील तांबेऱ्याचाच त्यांनी अभ्यास केला. स्वदेशी परतल्यावर एका कोड्याने त्यांना पछाडले. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतात गहू नसतो आणि कडक उन्हाने बुरशीचे बीजाणू मरून जातात. मग दरवर्षी रोग येतो कोठून?

पाश्चात्त्य देशांत ही बुरशी दारुहळदीच्या जातीच्या झुडपांवर आसरा घेते. भारतातही तसेच असेल, असे मानून मेहता स्वस्थ बसले नाहीत. वर्षानुवर्षे ते डोंगर व मैदाने पालथी घालीत राहिले. वाऱ्यातून येणारे बीजाणू त्यांनी काचेच्या पट्ट्यांवर धरले. अखेर सत्य उमगले. हिमालयात आणि दक्षिणेकडील निलगिरी व पळणी डोंगरांत हवा थंड असते. तेथील गव्हावर व आपोआप उगवलेल्या रोपांवर बुरशी उन्हाळा काढते आणि हिवाळ्यात वाऱ्यावर स्वार होऊन मैदानात उतरते. भारतात दारुहळदीचा या रोगाशी महत्त्वाचा संबंध नाही, हेही त्यांनी दाखवून दिले.

१९४६-४७ साली मध्य भारतात तांबेऱ्याची भयंकर साथ आली व गव्हाची अपरिमित हानी झाली. धाम नदीकाठच्या पवनारसारख्या गावातील शेतकऱ्याच्या रोगाचे मूळ सुमारे हजार किलोमीटर दूर असलेल्या निलगिरीत असू शकेल, ही कल्पना किती विलक्षण!

पण रोगाची वाट कळली, म्हणून रोग थांबत नाही. वारा कोण अडवणार? म्हणून रोगाला दाद न देणारा गहूच निर्माण करणे आवश्यक होते. ही प्रतिकारशक्ती आईबापांकडून संततीत उतरते, हे इंग्लंडमधील बिफेन यांनी १९०५ साली सिद्ध केले होते. परंतु तांबेऱ्याच्या बुरशीचेही अनेक वंश असतात. जो गहू एका वंशाला पुरून उरतो, तोच दुसऱ्यापुढे हार खातो. मेहतांनी ठरावीक जातींच्या गव्हाच्या रोपांवर बीजाणू टाकून, कोणते रोप रोगट होते व कोणते तग धरते हे पाहून भारतातील वंश ओळखले. या ज्ञानाचा गव्हाचे संकरित वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांना मोठा आधार मिळाला. तिन्ही प्रकारच्या तांबेऱ्यांना तोंड देणारे ‘एन. पी. ८०९’ हे वाण १९५४ साली शेतकऱ्यांच्या हाती आले.

ते पाहण्याचे भाग्य मात्र मेहतांना लाभले नाही. १९५० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या संशोधनाचा दुसरा ग्रंथ १९५२ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. बुरशीचे नवे वंश आजही उत्पन्न होतात आणि त्यांना तोंड देणारा गहू पुन्हा पुन्हा शोधावा लागतो. मेहतांनी आरंभिलेले हे कार्य म्हणूनच अखंड चालू आहे. आपल्या ताटातील पोळीमागे शेतकऱ्याच्या घामाबरोबर अशा ज्ञानोपासकांची तपश्चर्याही असते.