भास्कराचार्यांची १२ योजने आणि त्यापलीकडची पोकळी

चाळीसगावजवळच्या पाटणशी नाते असलेल्या गणितज्ञाने हवेची हद्द आकड्यात सांगितली होती. पुढे सुमारे आठशे वर्षांनी भास्कर हेच नाव घेऊन एक उपग्रह त्या हद्दीच्या पार गेला, आणि आत अडकलेल्या हवेच्या शंकेनेच त्याचे कॅमेरे अडले. हवा नसलेल्या जागी वस्तू वेगळ्या का वागतात, हे या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या की चांगले समजते.

कोण होते भास्कराचार्य?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा. ही तारीख तर्काने काढलेली नाही. आपला जन्म कधी झाला आणि ग्रंथ कितव्या वर्षी लिहिला, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. घराण्यात पिढ्यान् पिढ्या विद्या होती.

गावाचे नाव त्यांनी विज्जडविड असे दिले असून ते सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे म्हटले आहे. हे गाव नेमके कोणते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कुणी ते चाळीसगाव तालुक्यातील पाटणच्या परिसरात दाखवतात, कुणी बीड तर कुणी विजापूर सांगतात. मात्र त्यांच्या घराण्याचा सर्वांत भक्कम पुरावा खानदेशातच सापडला आहे.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानले जातात. लीलावतीत अंकगणित आणि भूमिती आहे, तर शेवटच्या दोन भागांत आकाशातील हालचालींचा हिशेब. वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी पंचांगाच्या गणितासाठी 'करणकुतूहल' लिहिला.

लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाच्या मुहूर्तासाठी ठेवलेल्या घटिकापात्राच्या छिद्रात मोती अडकला आणि मुहूर्त टळला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादातून ती पसरली.

पाटणचा शिलालेख काय सांगतो?

धुळ्याकडे रेल्वेचा फाटा जिथून फुटतो त्या चाळीसगाव जंक्शनपासून पाटणादेवीचे मंदिर फार दूर नाही. गौताळा अभयारण्याच्या डोंगरकुशीत हे ठिकाण आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पाटणच्या मंदिरातील एक शिलालेख अभ्यासकांसमोर आणला.

शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी पंडित होता. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ उभारला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०६ च्या सुमारास, मठाला दान दिले.

या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालापैकी मठाला काय मिळावे, याची व्यवस्था त्यात लावून दिली आहे. थोडक्यात, गणित आणि खगोलाच्या एका शाळेचा खर्च आठशे वर्षांपूर्वी खानदेशातली एक बाजारपेठ उचलत होती.

हवा कुठपर्यंत आहे?

गोलाध्यायात भास्कराचार्यांनी पृथ्वीभोवतीच्या हवेला भूवायू म्हटले आहे. ढग आणि विजा याच थरात असतात आणि हा थर जमिनीपासून १२ योजने उंच आहे, असे त्यांचे म्हणणे.

१२ योजने म्हणजे किती? योजनाचे माप ग्रंथागणिक बदलते, पण भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने दिला आहे. आज मोजलेला परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. भागाकार केला तर एक योजन साधारण ८ किलोमीटरचे होते आणि १२ योजने साधारण ९७ किलोमीटरची. आजही अवकाशाची सुरुवात बहुतेक ठिकाणी १०० किलोमीटरपासून मानतात.

हे वाचून प्राचीन काळी सगळेच माहीत होते, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. हवेचा दाब मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते. ढग १०० किलोमीटरपर्यंत जात नाहीत. पावसाळ्यातले उंचातले उंच ढगही साधारण १६ ते १८ किलोमीटरवर थांबतात. शिवाय भूवायूच्या वर रिकामी जागा आहे, असे भास्कराचार्य मानत नव्हते. तिथे प्रवह नावाचा दुसरा वारा वाहतो आणि तोच ग्रहताऱ्यांना फिरवतो, अशी त्यांची मांडणी होती. हा समज पुढे चुकीचा ठरला. आकडा जवळ आला, तो योगायोग म्हणूनच घ्यावा.

त्याच ग्रंथातील दुसरा विचार मात्र आजही टिकून आहे. पृथ्वीत ओढून घेण्याची शक्ती आहे आणि आकाशातील जड वस्तू तिच्याकडे ओढल्या जातात, असे त्यांनी लिहिले. सगळीकडे आकाश सारखेच असताना पृथ्वी स्वतः पडणार तरी कुठे, हा त्यांचा सवाल होता.

पाऱ्याचे चाक का थांबते?

गोलाध्यायातील यंत्रांच्या प्रकरणात आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन आहे. हलक्या लाकडाचे चाक, त्याला पोकळ आरे आणि आऱ्यांत अर्धवट भरलेला पारा. पारा एका बाजूला सरकत राहील आणि चाक फिरत राहील, अशी कल्पना.

असे चाक कायम फिरू शकत नाही. पारा जितका जोर लावतो तितकाच विरोध दुसऱ्या बाजूने होतो. सुरुवातीला दिलेला धक्काही आसाच्या घर्षणात आणि हवेच्या अडथळ्यात संपतो.

मग हेच चाक हवा नसलेल्या जागी नेले तर? हवेचा अडथळा जाईल, पण आसाचे दुखणे वाढेल. इथेच निर्वात पोकळीचा खरा स्वभाव दिसतो. जमिनीवर लोखंड, ॲल्युमिनियम अशा धातूंवर हवेतील ऑक्सिजनचा पातळ थर असतो. त्यावर पाण्याच्या वाफेचा आणि इतर वायूंचा आणखी एक थर. दोन धातू एकमेकांवर घासतात तेव्हा बहुतेक वेळा हे थरच घासले जातात. पोकळीत हा थर एकदा खरवडला गेला की पुन्हा तयार होत नाही. उघडे धातू एकमेकांना भिडतात आणि उष्णता न देताही चिकटतात. याला कोल्ड वेल्डिंग म्हणतात. सोन्यावर असा ऑक्सिजनचा थर मुळातच बसत नाही. म्हणून शुद्ध सोन्याचे दोन स्वच्छ तुकडे जोराने दाबले तर चिकटतात. जळगावच्या सराफ बाजाराला हे गुण वेगळे सांगायला नको.

वंगण लावूनही प्रश्न सुटत नाही. साधे तेल पोकळीत हळूहळू उडून जाते. पेन्सिलीतले ग्रॅफाइट जमिनीवर गुळगुळीत असते ते हवेतल्या ओलाव्यामुळे. पोकळीत ओलावा गेला की तेच ग्रॅफाइट खरखरीत होऊन झिजते. म्हणून उपग्रहांत मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखी कोरडी वंगणे किंवा मुद्दाम बनवलेली, न उडणारी तेले वापरतात. 'गॅलिलिओ' यानाची छत्रीसारखी अँटेना १९९१ मध्ये पूर्ण उघडलीच नाही. कोरडे वंगण झिजल्याने तिच्या काड्या अडकल्या, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला.

योगायोग असा की पोकळी पहिल्यांदा नीट दिसली तीही पाऱ्यामुळेच. १६४३ मध्ये इटलीत टॉरिचेली यांच्या प्रयोगात पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली गेली. पारा साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबला आणि त्याच्या वर रिकामी जागा उरली.

नवीन गाडीचा वास आणि उपग्रहाची भिंग

नवी गाडी उन्हात उभी केली की आत वास येतो आणि काही दिवसांनी काचेवर आतून धूसर थर दिसतो. प्लास्टिक, रबर आणि गोंद यांच्यातून बाहेर पडलेले वायू थंड काचेवर बसतात, त्याचा तो परिणाम. हवेचा दाब नसेल तर हेच कितीतरी जास्त होते. उपग्रहात हा थर कॅमेऱ्याच्या भिंगावर बसला तर चित्र खराब होते.

म्हणून उपग्रहात जाणारे साहित्य आधी तपासतात. नेहमीच्या चाचणीत ते पोकळीत १२५ अंश सेल्सिअसवर २४ तास ठेवतात. एकूण वजनात एक टक्क्याहून जास्त घट झाली किंवा मूळ वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त वाफ थंड पृष्ठभागावर जमली, तर ते साहित्य साधारणपणे वापरत नाहीत. जस्त आणि कॅडमियमसारखे धातूही गरम झाले की पोकळीत उडू लागतात. त्यामुळे एरवी चांगला समजला जाणारा कॅडमियमचा मुलामा तिथे टाळतात.

उष्णतेचेही तसेच. पंख्याचा वारा तिथे नाही. उष्णता एकतर स्पर्शाने जाते किंवा किरणांच्या रूपाने. त्यामुळे पृष्ठभाग काळा आहे की चकचकीत, यावर उपग्रहाचे तापमान ठरते. थर्मासची आतली भिंत चंदेरी का असते, याचे उत्तरही हेच.

भास्कर-१ चे काय झाले?

७ जून १९७९ रोजी सोव्हिएत रॉकेटवरून भारताचा 'भास्कर-१' उपग्रह निघाला. प्राचीन भारतीय गणितज्ञांचे नाव त्याला दिले होते. वजन सुमारे ४४० किलो. उंची सुमारे ५२० ते ५४० किलोमीटर, म्हणजे भास्कराचार्यांच्या मापाने जवळपास ६५ योजने. जमिनीची चित्रे घेण्यासाठी दोन टीव्ही कॅमेरे आणि समुद्राच्या अभ्यासासाठी 'समीर' नावाचे उपकरण त्यावर होते.

'समीर'चे काम सुरू झाले, पण कॅमेरे सुरुवातीला चालवता आले नाहीत. शंका होती ती कॅमेऱ्याच्या उच्च व्होल्टेजच्या भागात अडकलेल्या हवेची.

थोडीशी हवा इतकी त्रासदायक का? जमिनीवरची दाट हवा वीज सहजासहजी वाहू देत नाही. पूर्ण पोकळीतही वीज वाहून न्यायला वायूचे कण नसतात. अडचण या दोन टोकांच्या मधे आहे. वायू विरळ असेल तर कमी व्होल्टेजलाही त्यातून वीज वाहते आणि तो चमकू लागतो. ट्यूबलाइट नेमकी याच गुणावर चालते. उपग्रहाच्या बंद कोपऱ्यातून हवा हळूहळू झिरपते तेव्हा दाब याच धोक्याच्या टप्प्यातून खाली जातो. त्या वेळी बटण दाबले तर ठिणगी पडून यंत्रणा जळू शकते. या प्रकाराला तंत्रज्ञ कोरोना म्हणतात. आजाराशी त्याचा संबंध नाही.

उपाय एकच होता, वाट पाहण्याचा. उरलेली हवा निघून जाऊ दिली आणि १९८० मध्ये कॅमेऱ्याकडून चित्रे मिळाली. २० नोव्हेंबर १९८१ रोजी 'भास्कर-२' गेला. त्याचाही एक कॅमेरा बिघडला, तरी दुसऱ्याने दोन हजारांहून अधिक चित्रे पाठवली.

मग भास्कराचार्यांचे श्रेय कशात?

संस्कृत गणितात शून्याला 'ख' असेही म्हणत, आणि ख म्हणजे आकाश. एखाद्या संख्येला शून्याने भागले तर येणाऱ्या राशीला भास्कराचार्यांनी 'खहर' म्हटले. तिच्यात काही मिळवले किंवा वजा केले तरी ती बदलत नाही, असे त्यांचे प्रतिपादन. आजचे गणित शून्याने भागणे मान्य करत नाही. तरी शून्याचे नियम इतक्या नेटाने तपासणारे तेव्हा थोडेच होते.

पाऱ्याचे चाक चालत नाही आणि प्रवह वारा अस्तित्वात नाही. या चुका सांगितल्याने भास्कराचार्य लहान होत नाहीत. त्यांनी हवेच्या उंचीचा आणि पृथ्वीच्या परिघाचा आकडा दिला, आपल्या श्लोकांवर 'वासनाभाष्य' लिहून त्यांमागची कारणे मांडली. आकडा आणि कारण दिले की पुढच्या माणसाला ते तपासता येते, चूक असेल तर सुधारता येते. पाटणच्या मठात त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत अशी सोय नातवाने केली ती त्यासाठीच. तो मठ आज नाही. भारतात पुढचा उपग्रह पाठवण्याआधी मात्र तो निर्वात कोठीत ठेवून तपासला जातो.