जामखेडच्या डॉ. मेबल आरोळे

घरोघरी येणाऱ्या आशाताई २००५ नंतर आपल्या ओळखीच्या झाल्या. पण गावच्याच बाईला आरोग्याचं शिक्षण देण्याचं काम जामखेडमध्ये १९७०च्या दशकातच सुरू झालं होतं. ते उभं केलं डॉ. मेबल आरोळे आणि त्यांचे पती डॉ. रजनीकांत यांनी.

मेबल यांचा जन्म १९३५ सालचा. दोघं वेल्लोरला डॉक्टर झाले, पुढचं शिक्षण अमेरिकेत घेतलं आणि १९७० मध्ये दुष्काळी जामखेडला आले. तेव्हा त्या भागात हजारातली १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. नुसता दवाखाना काढून हे थांबणार नव्हतं. गावात नर्स पाठवून पाहिल्या, पण त्या तिथं राहीनात अन् गावालाही परक्याच वाटायच्या. मग ठरलं, बाई गावचीच हवी, तीही गावानं निवडलेली.

आल्या त्या बहुतेक निरक्षर, कुणी दलित वस्तीतल्या, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या. औषधांच्या आधी त्यांना स्वतःवर विश्वास ठेवायला शिकवावं लागे. दर आठवड्याला जामखेडला यायचं, सगळ्या जातींच्या बायकांनी एकत्र राहायचं, जेवायचं अन् शिकायचं. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ हातानं बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, सगळं त्या शिकल्या आणि घरोघरी सांगू लागल्या.

१९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९०च्या दशकात तिथले बालमृत्यू हजारी तीसच्या खाली आले होते. १९९९ मध्ये मेबलताई गेल्या, पण त्यांनी दिलेली विद्या गावातच राहिली. म्हणून आशाताई दारात आली की तिला आधी बसायला सांगा, मग तिचं नीट ऐका.