हरिभाऊ आपटे : रेनॉल्ड्सच्या लंडनपासून यमूच्या माजघरापर्यंत

श्रावणात पोथी लावण्याची प्रथा बीड जिल्ह्यातील गावोगावी आपल्या परिचयाची आहे. एकाने वाचावे, दुसऱ्याने अर्थ सांगावा आणि बाकीच्यांनी ऐकता ऐकता शंका विचाराव्यात, ही रीत मुकुंदराज व दासोपंत यांच्या अंबाजोगाईच्या परिसराला नवी नाही. चारचौघांत वाचणे आणि वाचलेल्यावर बोलणे या सवयीचा आधुनिक मराठी कादंबरीच्या घडणीतही वाटा आहे. हरि नारायण आपटे यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. मातृछत्र लवकर हरपल्यामुळे त्यांच्या पालनपोषणाचा व शिक्षणाचा भार काका महादेव चिमणाजी आपटे यांनी वाहिला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या सहवासाचा लाभ त्यांना झाला. गणित हा विषय आड आल्याने पदवी मात्र हाती लागली नाही. तथापि पदवीवाचून त्यांचे वाचन अडले नाही. संस्कृत काव्य-नाटकांबरोबर स्कॉट, डिकन्स व थॅकरे हे कादंबरीकार त्यांनी आत्मसात केले. आगरकरांनी केलेल्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचे, म्हणजे ‘विकारविलसित’चे, त्यांनी विद्यार्थिदशेतच दीर्घ परीक्षण लिहिले.

त्या काळी इंग्रजी शिकलेल्या तरुणांत जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या कादंबरीकाराचे विलक्षण आकर्षण होते. १८४४ पासून साप्ताहिक अंकांतून निघालेल्या ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ने महानगरातील गुन्हे, कारस्थाने आणि श्रीमंतांचे अनाचार वाचकांसमोर उघडे केले. पुढे १८६० च्या दशकात विल्की कॉलिन्स प्रभृतींनी हेच रहस्य सभ्य कुटुंबाच्या उंबरठ्याआत आणले. त्या कादंबऱ्यांना इंग्रजी समीक्षेत सनसनाटी कादंबरी असे नाव पडले. रेनॉल्ड्स हा या परंपरेचा पूर्वसूरी होय. इंग्लंडमधील प्रतिष्ठित समीक्षकांनी त्याला हीन लेखले, भारतात मात्र त्याला उदंड वाचक लाभले.

हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ या पत्रातून क्रमशः येऊ लागली. तिला रेनॉल्ड्सच्या कादंबरीचा आधार होता. मात्र माणसे आणि वातावरण पुण्याचे होते. तत्पूर्वीच्या मराठी कादंबरीत राजपुत्र, उपवने आणि अद्भुत योगायोग यांची रेलचेल असे. आपल्याच गल्लीतील दुराचारावर कादंबरी लिहिता येते, हे धैर्य हरिभाऊंना काही अंशी या बदनाम लेखकाकडून मिळाले, असे म्हणता येईल.

याच काळात गोविंद वासुदेव कानिटकर आणि त्यांच्या पत्नी काशीबाई यांच्याशी हरिभाऊंचा साहित्यिक स्नेह जुळला. काशीबाई विवाहानंतर, पतीच्या आग्रहामुळे वाचायला शिकल्या होत्या. पुढे त्यांनी ‘रंगराव’ ही कादंबरी आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. या तिघांमध्ये पुस्तकांवर, नव्या लेखनावर आणि समाजस्थितीवर चर्चा होत असे. पत्रव्यवहारही चालू असे. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु स्त्रीने पुस्तक हाती धरणे जेथे निंदेचे कारण ठरत होते, तेथे परपुरुषाच्या लेखनावर तिने मत देणे हे मोठेच साहस होते. या संवादामुळे हरिभाऊंना पुरुषवाचकाला सहसा न दिसणारी माजघराची बाजू जवळून कळली.

१८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः प्रसिद्ध केली. येथे लंडनचे तळघर नाही, की मुखवटा घातलेला गुन्हेगारही नाही. यमू ही ब्राह्मण घरातील मुलगी स्वतःची हकीकत सांगते. आईचा मृत्यू, सासरचा जाच, पतीच्या प्रेमाचे थोडे दिवस, अकाली वैधव्य आणि शेवटी बळजबरीने झालेले केशवपन असा तिचा प्रवास आहे. पुढे काय होणार, ही उत्कंठा रहस्यकादंबरीतलीच आहे. परंतु तिचा विषय पालटला आहे. वाचक आता गुन्हेगार सापडण्याची वाट पाहत नाही. एक मुलगी वाचेल की नाही, या चिंतेने तो पुढचा अंक उघडतो. शिवाय येथे अत्याचार करणारी माणसे समाजात प्रतिष्ठित असून त्यांच्या हातून घडते ते रूढीला मान्य आहे. म्हणून ही कादंबरी मिटल्यावर सुटकेचा निःश्वास टाकता येत नाही.

पुढे ‘मी’, ‘उषःकाल’, ‘वज्राघात’ अशा सामाजिक व ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या, आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था पाहिली आणि १९१२ मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

हरिभाऊंचे मोठेपण केवळ परभाषेतील तंत्र उचलण्यात नाही. लोकप्रिय, किंबहुना हलक्या समजल्या गेलेल्या साहित्यातून त्यांनी उत्कंठेचे सामर्थ्य ओळखले आणि ज्यांचे बोलणे ऐकले जात नव्हते त्यांच्या दुःखाकडे ते वळविले. अभ्यासकेंद्रावर यमूची कथा वाचताना एकाने प्रकरण मोठ्याने वाचावे व प्रकरणाच्या अखेरीस थांबून चर्चा करावी. आपली उत्सुकता नेमकी कशाविषयी आहे, घटनेविषयी की माणसाविषयी, हा प्रश्न त्या वेळी अवश्य विचारावा.