चार्ल्स हायडेलबर्गर
चार्ल्स हायडेलबर्गर (२३ डिसेंबर, १९२० – १८ जानेवारी, १९८३) हे अमेरिकन सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ व कर्करोग-संशोधक होते. ५-फ्लुओरोयुरॅसिल या औषधाचे जनक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. परंतु परिसरातील कर्कजनक रसायने ओळखण्यासाठी काचपात्रात वाढविलेल्या प्राणिपेशी कशा उपयोगी पडतात, हे दाखविणारे त्यांचे कार्यही तितकेच मोलाचे आहे.

जीवन

त्यांचा जन्म न्यूयॉर्क येथे झाला. वडील मायकेल हायडेलबर्गर हे प्रतिरक्षा-रसायनशास्त्राचे प्रवर्तक. चार्ल्स यांनी १९४६ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली व बर्कली येथे मेल्विन कॅल्विन यांच्याकडे किरणोत्सारी कार्बनवर काम केले. १९४८ साली ते विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅकआर्डल प्रयोगशाळेत आले. अर्बुदाच्या पेशी युरॅसिल अधिक वापरतात या निरीक्षणावरून त्यांनी युरॅसिलच्या रेणूत फ्लुओरीनचा अणू बसविण्याची कल्पना मांडली. त्यातून निर्माण झालेले औषध १९५७ साली प्रसिद्धीस आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते.

पेशीसंवर्धन व कर्कजनक रसायने

एखादे रसायन कर्कजनक आहे की नाही, हे उंदरांवर तपासण्यास दोन-दोन वर्षे लागत. पेशींवरच ही परीक्षा घेण्याचे प्रयत्न जुने होते. मात्र १९४० च्या दशकात विल्टन अर्ल यांच्या प्रयोगांत रसायन न दिलेल्या पेशीही कर्करूप झाल्या होत्या. १९६३ साली इस्राएलमध्ये बेरवाल्ड व सॅक्स यांनी हॅमस्टरच्या भ्रूणपेशींत रसायनाने रूपांतर घडवून आणले. तरीही मूळ शंका उरलीच: रसायन निरोगी पेशीला बिघडविते, की आधीच बिघडलेल्या पेशींना केवळ वाढू देते? परीक्षेची सारी विश्वासार्हता या प्रश्नावर अवलंबून होती.

हायडेलबर्गर व मंडल यांनी १९७० साली याचे उत्तर दिले. उंदराच्या पुरःस्थ ग्रंथीतील पेशी एकेकट्या वेगळ्या करून त्यांना मिथाइलकोलॅन्थ्रीन दिले असता जवळजवळ प्रत्येक पेशीच्या वंशात रूपांतर दिसून आले. मोजक्याच पेशी आधीपासून बिघडलेल्या असत्या, तर असे घडणे शक्य नव्हते. प्रयोग साधा, पण युक्तिवाद बिनतोड म्हणावा असा.

पुढे १९७३ साली कॅथरिन रेझ्निकॉफ व सहकाऱ्यांसह त्यांनी सी३एच जातीच्या उंदराच्या भ्रूणापासून १०टी१/२ हा पेशीवंश तयार केला. दर दहा दिवसांनी प्रत्येक पात्रात अर्धा लाख पेशी पेरीत, म्हणून हे काहीसे चमत्कारिक नाव. या पेशी एकमेकींना भिडल्या की वाढ थांबवितात व तळाशी एकच पातळ थर राहतो. कर्कजनक रसायन दिल्यास मात्र काही पेशी ही मर्यादा झुगारून एकमेकींवर चढतात आणि रंग दिल्यावर त्यांचे गडद पुंजके मोजता येतात. अशा पेशी त्याच जातीच्या उंदराला टोचल्यास गाठी होतात. परीक्षेस सुमारे सहा आठवडे लागतात. त्याच सुमारास आलेली जिवाणूंवरील एम्स चाचणी दोन दिवसांत होते, पण ती जनुकातील बदल दाखविते, पेशीचे कर्करूप होणे नव्हे. अर्थात १०टी१/२ च्या पेशी अमर्याद वाढणाऱ्या, म्हणजे मुळातच पूर्णपणे सामान्य नव्हेत. ही उणीव दुर्लक्षिण्याजोगी नाही.

अखेर

१९७६ साली ते लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. १९७८ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या उपक्रमासाठी त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेला पेशी-रूपांतर चाचण्यांचा विस्तृत आढावा १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत, वयाच्या ६२ व्या वर्षी, कर्करोगानेच त्यांचे निधन झाले. वडील मायकेल त्यांच्यानंतर आठ वर्षे हयात होते.